एकहाती कालवलेलं खत

काचघरात तिला सगळे मावशी म्हणत. मुकादमसुद्धा, आणि तो तर तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता. बावीस वर्षं ती उजेडवेलीचं खत कालवत होती. उजेडवेलीच्या फुलांत अंधार पडला की उजेड भरतो. शहरातल्या इस्पितळाचे तीन वॉर्ड त्या फुलांवर चालायचे. नत्र, स्फुरद, पालाश हे काय, कुठल्याही पिकाला लागतं. उजेडवेलीला वर माणसाच्या हाताचं मीठ लागतं. म्हणून हाडांचा चुरा, राख आणि पेंड दगडी कुंडात उघड्या हातांनी कालवायची, त्यात घाम उतरेपर्यंत. हातमोजे घातले की कळ्या काळ्या पडत.

कालवायला माणसं मात्र दोन. एक आठवडा एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. वेलीला एकाच हाताची चटक लागू द्यायची नाही, हे तिला पहिल्याच दिवशी गप्पेकाकांनी बजावलं होतं. गप्पेकाका तिचे जोडीदार, जिभेला हाड नसलेला माणूस. त्यांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले, तेव्हा मुकादम म्हणाला, "नवा माणूस बघतो."

"कशाला? येईल आणि राखेचा चिखल करून ठेवील. मी बघते."

बोलायला एवढंच. खरं म्हणजे कुंड एकटीचं व्हावं असं तिला कधीपासून वाटत होतं. नवरा गेल्यावर लेकीला तिने याच हातांवर वाढवलं होतं, आणि त्या हातांचं कौतुक नेहमी काकांशी वाटून घ्यावं लागायचं. सतरा आठवडे तिने एकटीने कालवलं. फुलं दुपटीने आली. "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे," असं इस्पितळातून कोणी म्हटलं की "चला, काहीतरीच," म्हणत ती पदराने तोंड पुसायची.

अठराव्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की वेलींचे शेंडे उन्हाकडे वळत नाहीत. ते तिच्या स्टुलाकडे वळतात. तिला आधी बरंच वाटलं. मग सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी येऊन पाहते, तर सगळे शेंडे कोपऱ्यातल्या भिंतीला टेकलेले. त्या भिंतीमागे गल्ली, आणि गल्लीपलीकडे तिचं घर. तिने खडूने भिंतीवर खूण केली, कोणाला काही बोलली नाही.

चार दिवसांनी सकाळी लेक ओल्या केसांनी बाहेर आली. ती शिवणाच्या दुकानात जायची, उशीर झाला होता.

"आई, मोरी तुंबलीये. तुझ्या केसांनी."

"माझ्या? माझ्या डोक्यावर उरलेत किती!"

मावशीने जाळी उचलली. आत पांढरं, करंगळीएवढं मूळ होतं. ते खालून वर आलं होतं. टोकाला लेकीचे लांब केस गुंडाळलेले, दोरा रिळावर गुंडाळावा तसे, एकही गाठ नसलेले. मावशीने ओढलं तर मूळ हललं नाही. उलट जरा आत ओढलं गेलं, केसांसकट.

लेक हसली. "तुझं झाड मला सून करून नेणार वाटतं."

मावशी हसली नाही. तशीच गप्पेकाकांकडे गेली. काका ऐकताना एकदाही मध्ये बोलले नाहीत.

"किती आठवडे?" त्यांनी विचारलं.

"अठरा."

"एकटीने? अगं, तुला काय अक्कल गहाण टाकायची हौस आली होती?"

"चुकलं माझं, काका. पण ती पोरीकडे का जातेय?"

"तिला माणूस कळत नाही, मीठ कळतं. तुझं मीठ पोरीतही आहे. आणि ते ताजं आहे."

"कापून टाकू?"

"वरून कापशील. मुळं किती लांब गेलीत ते तुला ठाऊक आहे?" काकांनी गुडघा चोळला. "उपाशी ठेव. आठ आठवडे कुंडात कोणाचाच हात नको, मग मुळं चव विसरतील. पण उपाशी वेल शोधत सुटते. जवळ असलेलं मीठ सोडून ती लांब जात नाही, एवढंच आपल्या हातात."

मावशी काय ते समजली: पोरीला लांब धाडायचं आणि जवळचं मीठ आपण व्हायचं. काकांनाही ते कळलं. त्यांनी खाली पाहिलं.

त्याच दुपारी तिने लेकीला नदीपलीकडे आपल्या मावससासऱ्यांकडे धाडलं. "त्यांच्या सुनेला बाळंतपणाला हात हवाय," असं सांगितलं. लेकीने पिशवी भरली, पण दारात थांबली.

"आई, खरं सांग. त्या मुळाचं काय आहे?"

"मोरी दुरुस्त करायचीय. आठ आठवडे लागतील."

"मोरीला?"

"गाडी चुकेल. जा."

मग मावशी काचघरात गेली. मुकादमाला सगळं सांगितलं, अठरा आठवड्यांसकट. तो आधी चिडला, मग "इस्पितळाचं काय?" म्हणाला, मग खुर्चीत बसून राहिला.

"तीन वॉर्डांना कंदील पाठवा," ती म्हणाली. "कुंड धुऊन पालथं घाला. मला डबा आणि पाणी खिडकीतून द्यायचं. मी आतच राहणार."

"आठ आठवडे? मावशी, मी बाहेरच्या माणसांना काय सांगू?"

"सांगा, मावशी झाडांना वळण लावतेय."

तिने स्टूल मधोमध ओढलं आणि हात मांडीवर उघडे ठेवून बसली. भिंतीला टेकलेले शेंडे एकेक करून सुटले. पहिला तिच्या घोट्याला लागला तेव्हा अजून ऊन होतं. तो थंड होता, आणि हळूच चाटावं तसा फिरत होता. तिने पाय मागे घेतला नाही.

"मुकादम," ती म्हणाली, "दार बाहेरून लावा."