नडगी आणि माझ्या चपला

मोडलेली नडगी धरायला महिनेच्या महिने लागतात. हाडांच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर किस्से मात्र भराभर साचतात!

आमचे हे एसटीचे ड्रायव्हर. घरी येताना मोटरसायकलवरून पडले नि उजवी नडगी मोडली. आत रॉड घातला, पण हाड काही धरेना. हे वॉकर घेऊन एकाच पायावर उड्या मारत. मी सिद्धेश्वराला बोलले, "हे मोडका पाय टेकून चालेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही." त्यात सोलापूरचा उन्हाळा!

*

बाकड्यावर शेजारी मोहोळच्या मावशी. त्यांच्या मुलाच्या पायाला बाहेरून लोखंडी कड्या आणि सळया. पँट चढेना, म्हणून मावशींनी स्वतःचं लुगडं गुंडाळलं. तो तोंड लपवायला लागला.

"नेस की गुमान! मी जल्मभर नेसतीया, मेले का?"

*

देवाला चांदीचा पाय वाहायचा होता. सराफानं विचारलं, "डावा की उजवा?" मी गडबडले. घरी येऊन म्हटलं, "दोन्ही वाहू का?"

हे म्हणाले, "एकच वाहा. दोन दिलेस तर देवाला वाटेल, माणूस अख्खाच पाठवला!"

*

व्यायाम करून घेणारी मुलगी रोज विनवायची, "काका, थोडं वजन द्या. त्याशिवाय हाड जुळत नाही."

हे भिंतीकडे बघत बोलले, "गाडी चालूच होत नसली की पॅसेंजर उतरवून टाकावेत, पोरी."

कुणीच हसलं नाही.

*

परवा नवा एक्सरे काढला. हे मांडीवरची पिशवी सकाळपासून मला धरू देईनात. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. फट तशीच!

"ताई, पुन्हा ऑपरेशन. कमरेचं थोडं हाड काढून तिथं भरावं लागेल."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. तळव्यांना फोड आलेले. मावशी ओल्या पदरानं पुसत होत्या.

मागून वॉकरची टकटक आली. बघते तर हे! घामानं निथळलेले, ओठ दाबलेले, आणि उजवा पाय फरशीवर टेकवत, एकेक पाऊल. पिशवी वॉकरला अडकवलेली. त्यांनी ती माझ्यापुढं उपडी केली. माझ्या चपला!

"टेकला की पाय. घाल आता."

मला हलताच येईना. मावशींनी कोपर मारलं,

"घाल की गं बाई! न्हायतर डायवर आनि एक फेरी मारतोय बघ!"