वर म्हणजे नको

अंबरनाथच्या कारखान्यात अंजनी आणि मी मोडेम तपासायचो. टेलिफोनच्या तारेतून येताना सिग्नलची पार दशा होते, एक ठोका दुसऱ्यात मिसळतो. तो सरळ करायला जुन्या मोडेमला आधी ठरलेला नमुना पाठवावा लागे. ब्याण्णव साली आलेलं नवं मोडेम नमुन्याशिवायच शिकायचं. मला ते आगाऊ वाटे. सिग्नल साधारण कसा असतो एवढंच त्याला ठाऊक, बाकी सगळं चाचपडत. चूक दाखवणारा काटा खाली बसला की जमलं, मग हात लावायचा नाही, अशी आमची रीत.

अंजनीची सासू राजाबाई बुवापाड्यात लकव्याने पडून होती. वाचा गेलेली, फक्त डावा हात उचलायची. पहिल्याच दिवशी चहा देताना हात वर आला आणि कप लवंडला. अंजनीने ठरवून टाकलं, वर म्हणजे नको. म्हातारी काही दिवस तडफडली, मग शांत झाली. अंजनीला वाटलं, जमलं.

चामटोलीला राजाबाईचा भाऊ आण्णा आजारी होता. "आई, मामांना बघायला जायचं?" अंजनी विचारायची. हात वर यायचा. "बरं, राहू दे." गणपतीनंतर आण्णा गेला.

दिवाळीच्या आधी एका मोडेमचा काटा अगदी तळाला बसला, पण कागदावर नुसता कचरा छापून येत होता. आमच्या इंजिनिअर नीलिमा मॅडमनी पाहिलं. "उलटं धरलंय. एकाचं शून्य, शून्याचा एक. काट्याला काय, सुलटं काय नि उलटं काय! आपल्याला माहीत असलेलं काहीतरी पाठवून बघा."

अंजनीने हातातलं काम ठेवलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिचा चेहरा बघून मीही निघाले. घरात शिरताच तिने विचारलं, "आई, तुमचं नाव राजाबाई?"

हात वर आला.

"माझं नाव राजाबाई?"

हात गोधडीवरच राहिला.

अंजनी खाली बसली. मला रडू फुटलं, तिला नाही. "अगं, कुणाचीही चूक होते," मी म्हटलं. ती सासूकडे वळली.

"मामांकडे जायचं होतं तुम्हाला?"

हात वर आला आणि तसाच राहिला. राजाबाई आशेने दाराकडे बघू लागली. आण्णा गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.