एका वॉलेटमागे एक लाडू

"पत्ता सांग."

"सांगितला की, आई."

"हा पत्ता? शून्य, एक्स, नऊ, सी, चार, एफ... गल्ली कुठली? घर कितवं? कितव्या मजल्यावर राहतो हा माणूस?"

"मजला नसतो त्याला. ते वॉलेट आहे. क्रिप्टो नाणी ठेवायचं पाकीट. त्याचा पत्ता एवढाच असतो."

"पाकिटात कोण राहतं?"

"राहत असेल कुणीतरी. कोण ते आपल्याला कळता कामा नये. खेळ निष्पक्ष व्हायला हवा ना, मग ते—"

"मग देवाने दिलेला होकार कुणाच्या दारात नेऊन ठेवायचा? पोस्टात?"

आ-चोंगने कॅमेऱ्याच्या तिपाईवर कपाळ टेकलं. कॅमेरा चालूच होता. तैवानभरातले लोक घरबसल्या बघत होते. बाओ-लिएन मावशी, म्हणजे त्याची आई, देवासमोरच्या गादीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. हातात कौलाच्या दोन लाल लाकडी चंद्रकोरी. त्यांचा चेहरा असा, की रेशन दुकानदारानेही पुढचा कागद मागायचं धाडस केलं नसतं.

"बरं. जन्मतारीख?"

"वॉलेट उघडलं ती तारीख धर. गेल्या ऑक्टोबरातली."

"म्हणजे पाच महिन्यांचं पोर जुगार खेळतंय," मावशी देवाकडे वळून म्हणाल्या. "तुम्ही ऐकताय ना, आजोबा? आणि हा मला सांगतो, निष्पक्ष."

आजोबा म्हणजे तुदीगोंग, आमच्या गल्लीचा राखणदार देव. लुकांग गावात अशी देवळं चहाच्या टपरीएवढी असतात आणि तेवढीच गरजेची. पांढरी दाढी, गुबगुबीत गाल, धुराने नाक काळं पडलेलं. नवरा गेल्यापासून देवळाची किल्ली मावशींच्या कमरेला. झाडलोट, उदबत्त्या, आणि ज्यांना गुडघे टेकवत नाहीत त्यांच्या वतीने कौल लावणं. कौलाची रीत ठरलेली: नाव, पत्ता, जन्मतारीख सांगायची, प्रश्न विचारायचा आणि कोरी जमिनीवर टाकायच्या. प्रत्येक कोरीची एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर हो. दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्न त्याच्यापर्यंत नीट पोचला नाही.

आता अशा देवळात आ-चोंगचा संगणक कसा शिरला, ते सांगायला त्याचं लहानपण सांगावं लागेल.

बाजाराच्या तोंडाशी सॉसेजची गाडी लागायची. गाडीवाल्याशी वाडग्यात फासे टाकून खेळायचं, आपलं दान जास्त पडलं तर सॉसेज फुकट. आमच्यातली सगळी पोरं हरली की रडायची. आ-चोंग जिंकला की रडायचा. एकदा जिंकलेलं सॉसेज, एक घास खाल्लेलं, त्याने परत नेऊन दिलं. "काका, तुमच्या फाशाचा कोपरा झिजलाय. सहा जास्त पडतात." गाडीवाला म्हणाला, "पडू दे की रे बाबा, तुझ्या बाजूने पडले." आ-चोंग म्हणाला, "म्हणूनच." त्या दिवसापासून गाडीवाला तो दिसला की वाडगं झाकून ठेवायचा.

मोठा झाल्यावर तो शिन्चूला चिपच्या कारखान्यात लागला. तिथे नखशिखांत पांढरा पोशाख, उघडे फक्त डोळे. इतकी वर्षं काम करून तो निरोपाच्या दिवशी साध्या कपड्यांत जेवायला गेला, तर शेजारच्या टेबलावरच्या मित्रांनी त्याला विचारलं, "आपण कुठल्या विभागात?" परत आला तेव्हा त्याचं एकच म्हणणं होतं: कुणालाही फसवता येणार नाही असा पैजेचा खेळ मी बनवणार. ना खेळणाऱ्याला फसवता येईल, ना मला.

तैपेईच्या एका कंपनीने त्याला या कामावर ठेवायची तयारी दाखवली. अट एकच. देवाच्या वाढदिवसापर्यंत त्यांची तपासनीस, थाओ बाई, येऊन खेळ तपासणार. 'यात लबाडीला जागा नाही' असा शिक्का तिने दिला तर आ-चोंग लुकांगात राहून हेच काम करणार. नाही दिला, तर पुन्हा शिन्चू. कारखान्याने त्याच्या मापाचा पोशाख अजून कुणाला दिला नव्हता, हे त्यांनी आपणहून कळवलं होतं.

खेळ साधा. खेळणारा नाणी लावणार, जिंकला तर दुप्पट, हरला तर गेली. नाणीसुद्धा चाचणीची, बाजारात त्यांना कवडीची किंमत नाही. प्रश्न इतकाच होता, जिंकला की हरला हे ठरवायचं कुणी?

आधी संगणकाने ठरवलं. लोक म्हणाले, संगणक तुझा.

मग त्याने ठरवलं, सगळ्यांनी आपापला एक आकडा बंद करून द्यायचा, नंतर सगळ्यांनी उघडायचा, त्यांची बेरीज सम आली की खेळणारे जिंकले, विषम आली की हरले. गल्लीत चाचणी झाली. शेवटचा आकडा फांगकाकांचा. हे माशाचे गोळे विकतात आणि जन्मात कधी कुठे वेळेवर गेलेले नाहीत. बाकीच्यांचे आकडे उघडले, काकांनी मनात बेरीज केली, आणि उठले.

"काका, आकडा उघडा."

"लघवीला जाऊन येतो."

"उघडून जा."

"या वयात थांबवत नाही, बाळा."

ते आलेच नाहीत. आ-चोंगने नियम केला, आकडा न उघडणाऱ्याची अनामत जप्त. काकांनी हिशेब केला, उघडून हरण्यापेक्षा अनामत स्वस्त. ते पुन्हा लघवीला गेले.

तिसऱ्यांदा त्याने ब्लॉकचेनवरच, म्हणजे या नाण्यांच्या सगळ्यांना दिसणाऱ्या हिशेबवहीवरच, सोपवलं. त्या वहीचं जे नवं पान, म्हणजे ब्लॉक, बनेल, त्याच्या शेवटच्या अक्षरावर निकाल. आठवडाभर खूश होता. मग त्याच्या लक्षात आलं, ब्लॉक बनवणाराच खेळत असेल तर तो आपल्याला नको असलेला ब्लॉक फेकून देईल. त्या दिवशी तो देवळाच्या पायरीवर येऊन बसला. जेवलाही नाही.

आत मावशी कुणाच्या तरी म्हाताऱ्या सासूसाठी कौल लावत होत्या. कोरी पडल्या. खट्, खट्. आ-चोंगने मान वर केली.

"आई, कोरी कशा पडतील ते कुणाला आधी माहीत असतं का?"

"आजोबांना."

"आणि त्यांना कुणी विकत घेऊ शकतं?"

"जीभ हासडीन," मावशी म्हणाल्या.

अशा रीतीने देव या खेळात आला: मावशींनी प्रत्येक वॉलेटमागे विचारायचं, 'याला द्यायचं का?', 'हो' पडलं तर जिंकला, नाहीतर हरला. आणि देवाला विकत घेता येत नाही, हे फक्त मावशींना माहीत होतं. खेळणाऱ्यांना नव्हतं.

पहिल्या आठवड्यात कुरिअरने भाजलेलं डुक्कर आलं. मग संत्री, मग दाढीला लावायचं सुगंधी तेल. मग कुणीतरी उठवलं, की तुदीगोंगला शेंगदाण्याच्या कुटात घोळवलेले चिकट तांदळाचे लाडू आवडतात, ते दाढीला चिकटले की पैसाही चिकटतो. झालं. देवळात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. कवडीमोल नाण्यांसाठी एका माणसाने संगीत नाटकाचा आख्खा संच पाठवला. ते बिचारे पूर्ण रंगरंगोटी करून गल्लीत उभे, आणि नायिका विचारतेय, "राक्षसाचे कपडे कुठे बदलू?"

आ-चोंगच्या खेळात भोक पडलं होतं. त्याने दोन दिवस बसून नियम लिहिला आणि खेळाच्या आज्ञावलीत घातला: एका वॉलेटमागे एक लाडू. त्याहून जास्त नैवेद्य आला तर त्या वॉलेटचा डाव रद्द. तिसऱ्या दिवशी एकाच माणसाने चाळीस वॉलेटं उघडली आणि चाळीस लाडू पाठवले.

"बघ," मावशी म्हणाल्या, "म्हणून देव पत्ता विचारतो."

मग मावशींनी रोज प्रत्येकाचा पत्ता वाचायला सुरुवात केली. शून्य एक्स नऊ सी चार एफ... लांबच्या लांब, जपमाळ ओढावी तसा. चुकल्या तर पहिल्यापासून. बघणारे इतके गुंग व्हायचे की डाव लावायला विसरायचे.

आणि लोक फोन करू लागले, देवळाच्या फोनवर.

"मावशी, मी नऊसी बोलतेय."

"अगं नऊसी, पाठ कशी आहे तुझी? शेकलीस का?"

आ-चोंग धावत यायचा. "आई, ठेव फोन. कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी ते मला कुठे माहीत. नाव नाही सांगितलं तिने. पाळते हो मी तुझा नियम."

नऊसी होती, सातडी होता, त्याचं लग्न मोडलं होतं. बीबी नावाच्या कुणाचा कुत्रा आजारी होता. मावशी जेवताना त्यांच्याबद्दल बोलायच्या, जशा आमच्याबद्दल बोलतात. "सातडी आज बरा वाटला. नूडल्स केल्या म्हणे स्वतः."

थाओ बाई आली ती वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. चणीने लहान, पाठीवर बॅग, हातात सोयाबीनच्या दुधाचा पेला. तिने आधी देवाला नमस्कार केला, मग संगणक उघडला. आ-चोंग तिच्यामागे असा उभा राहिला, जणू ऑपरेशनच्या खोलीबाहेर.

"लोक जास्त जिंकतायत," ती म्हणाली.

"शक्य नाही. निम्म्या वेळी हो पडतं, दुप्पट मिळतं. बरोबर बसतं."

"दोन्ही सपाट पडल्या तर?"

"हरला."

"मावशी, दोन्ही सपाट पडल्या तर तुम्ही काय करता?"

"पुन्हा टाकते," मावशी म्हणाल्या. "देव हसला तर काय सोडून द्यायचं? हसणं म्हणजे नाही नव्हे."

आ-चोंगचा चेहरा पडला. लहानपणापासून हेच पाहत तो वाढला होता, म्हणून त्याला ते दिसलंच नव्हतं. हसणं मोजायचंच नाही, तर तिघांतले दोघं जिंकणार. तो भिंतीला टेकला. मग एकदम ताठ झाला.

"दुप्पट नको. दीडपट द्यायचं. मग बसतं. बसतं ना?"

थाओ बाईने बोटांवर काहीतरी मांडलं. "बसतं."

त्याने तिथेच उभ्या उभ्या आज्ञा बदलली. आईकडे बघून हसलासुद्धा. कित्येक महिन्यांनी हसला असेल. थाओ बाईने बॅगेतून शिक्क्याची डबी काढली, लाल शाईत शिक्का दाबला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, जुने व्हिडिओ एकदा शेवटचे पळवून पाहिले. शिक्का हवेतच राहिला.

"मावशी, हे बघा. नऊ सी चार एफचा डाव. इथे दोन्ही फुगीर पडल्यात. म्हणजे नाही."

"हो."

"आणि इथे तुम्ही त्या पुन्हा उचलल्यात."

मावशी उदबत्तीची राख पुसू लागल्या. "प्रश्न बदलून विचारते कधीकधी. आता नको तर संध्याकाळी देऊ का? सगळं नको तर थोडं? रीत आहे ती. 'नाही' आलं की माणूस लगेच उठून जात नाही."

"रीतच आहे," आ-चोंग घाईने म्हणाला. "सगळीकडे करतात. थाओ बाई, त्याचंही गणित बसवता येईल. सव्वापट."

"येईल की," थाओ बाई म्हणाली. तिला खरंच शिक्का द्यायचा होता, ते दिसत होतं. "मला काहीही चालेल. सगळ्यांसाठी बदलून विचारत असाल तरी चालेल. कुणासाठीच नाही, हे आजपासून ठरवलंत तरी चालेल. फक्त एक सांगा. 'नाही' आल्यावर तुम्ही प्रश्न बदलता, तो सगळ्यांसाठी बदलता ना?"

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं.

"सांग ना, आई," आ-चोंग म्हणाला. "सगळ्यांसाठी, म्हण. एवढंच म्हण."

बाहेर उद्याच्या वाढदिवसाचा मांडव ठोकत होते. फांगकाका कुणाला तरी ओरडून सांगत होते की दोरी डावीकडे ओढ. मावशींनी एकदा देवाकडे पाहिलं. दाढीत लाडवाचा एक तुकडा राहिला होता, तो त्यांनी नखाने काढला आणि पदराला पुसावा तसा अॅप्रनला पुसला.

"आई. शिन्चूला त्या पोशाखात बसताही येत नाही गं."

देवळाचा फोन वाजू लागला.

मावशींनी तो उचलला नाही. दोन्ही कोरी अॅप्रनच्या खिशात टाकल्या, बाजाराची टोपली घेतली, आ-चोंगच्या खांद्यावरची राख जाता जाता झटकली, आणि उंबरा ओलांडून मांडवाखालून सरळ निघून गेल्या.