कोण राहीन?

सुधाकरभाऊंच्या मुलीचा, ऋताचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून डबा खात होतो. "काका, बाबा इज..." एवढंच ती म्हणाली आणि पुढं तिला बोलवेना. मी नुसतं "हो बाळा, हो" म्हणत राहिलो. फोन ठेवला तरी गाडीतला रेडिओ चालूच होता. फुटबॉलचे कॅम्प संपत आले होते आणि दोन माणसं तावातावानं भांडत होती, की यंदा कुठल्या संघात कोण टिकणार आणि कुणाला घरी पाठवणार. एरवी असलं काही कानावर पडलं की मी लगेच सुधाकरभाऊंना फोन लावायचो. त्या दिवशीही बोट सवयीनं त्यांच्या नंबरावर गेलं... मग मी रेडिओ बंद केला आणि अर्ध्या डब्याला झाकण लावलं.

सुधाकर वानखेडे हे नाव वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. नागपूरचा माणूस, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात राहणारा, एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करणारा. त्यांनी ना संस्था काढली, ना पुस्तक लिहिलं. मराठी मंडळाच्या नाटकात काम करता का विचारलं तर म्हणायचे, "पडदा ओढतो, पण तोंडाला रंग नाही लावत." वेड त्यांना एकच होतं, आणि तेही चारचौघांत सांगितलं तर लोक हसतील असं. इथला फुटबॉल, म्हणजे तो हातानं खेळायचा आणि एकमेकांच्या अंगावर धावून जायचा खेळ, त्याचे सामने तर सगळेच बघतात. भाऊंना सामन्यांत फारसा रस नव्हता. त्यांना सराव बघायचा असे. जुलै संपता संपता आमच्या भागातल्या संघाचा उन्हाळी कॅम्प सुरू व्हायचा, तो लोकांना बघायला खुला असायचा, आणि सुट्ट्या टाकून हा माणूस गवताच्या उतारावर आपली हिरवी घडीची खुर्ची मांडून बसायचा. कॅम्पला संघ गरजेपेक्षा खूप जास्त मुलं बोलावतो आणि शेवटी त्यातली बरीचशी गाळून टाकतो. कोण गाळला जाणार आणि कोण टिकणार, हे मैदानाबाहेर बसून ताडायचं, हाच भाऊंचा खेळ.

माझी त्यांची ओळख झाली दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात, तेव्हा मी बेंचवर होतो. आमच्या धंद्यात हा शब्द फार वाईट. ज्या कंपनीनं तुम्हाला पुण्याहून आणलं तिच्याकडे तुमच्यासाठी काम नसलं, की तुम्ही बेंचवर. व्हिसा कंपनीच्या हातात, कंपनी बाजाराच्या हातात, आणि बाजार त्या वर्षी पार झोपलेला. माझ्याबरोबर आलेली मुलं एकेक करून सामान बांधून परत निघाली होती. मी गेस्ट हाउसमध्ये भात शिजवायचा आणि फोनकडे बघायचं, एवढंच करत होतो. अशात कुणाच्या तरी घरी सत्यनारायणाच्या जेवणाला गेलो असताना शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "काय करून राहिला सध्या?" मी पुणेरी तिरकसपणे म्हणालो, "बेंच गरम करून राहिलोय." माणसाला राग यायला हवा होता. त्यांना आनंदच झाला. "मंग चल न बे उद्या! बेंचवाल्यांना पाहून येऊ."

मला क्रिकेटशिवाय दुसरा खेळ हा खेळच वाटत नसे, आणि आजही फारसा वाटत नाही. पण फोनकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून गेलो. ऊन मी म्हणत होतं. आजूबाजूचे गोरे लोक अंगाला मलम चोपडत होते आणि भाऊ आकाशाकडे बघून म्हणत होते, "याला ऊन म्हणतात का? नागपूरला तर यात लोक स्वेटर घालतात." मैदानावर ऐंशी-नव्वद धिप्पाड मुलांची धावपळ चाललेली. सगळ्या गर्दीचे डोळे नावाजलेल्या खेळाडूंवर, आणि भाऊ मात्र कोपऱ्यातल्या कुणातरी अनोळखी पोराकडे एकटक बघत होते. मधेच मान हलवून म्हणाले, "राहीन."

मला कळेना. आमच्या पुण्याकडे 'राहीन' म्हणजे मी राहीन. तो राहतो तेव्हा 'राहील'. मी विचारलं, "कोण, तुम्ही?"

"मी नाही बे... तो!" त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

नागपूरकडे तोही राहीन, मीही राहीन, पाऊस येईन आणि गाडी जाईन, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी त्यांना भर उन्हात व्याकरण शिकवायला बसलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या पुण्यात मी राहिलो काय अन् तो राहिला काय, दोन वेगळ्या गोष्टी असतीन. आमच्याकडे एकच." तेव्हापासून आमचा तो नेमच झाला. त्यांनी 'राहीन' म्हटलं की मी विचारायचं, "कोण, तुम्ही?" आणि त्यांनी खेकसायचं, "मी नाही बे, तो!" पुढं सहा वर्षं ही एकच फालतू कोटी आम्ही केली आणि दर वेळी दोघंही हसलो.

त्यात भर घातली एडीनं. एडी म्हणजे रोज आमच्या शेजारी बसणारा, निवृत्त पोस्टमन, मोठ्या पोटाचा आणि मोठ्या आवाजाचा. भाऊ सारखे 'राहीन, राहीन' म्हणतात हे ऐकून त्याची समजूत झाली की हा भारतीय माणूस रायन नावाच्या कुठल्यातरी पोरावर फिदा आहे. बिचाऱ्यानं सगळं मैदान धुंडाळलं. शेवटी न राहवून म्हणाला, "हू द हेक इज रायन?" भाऊंनी त्याला समजावलं, तर त्याला तो शब्द इतका आवडला की चांगला झेल बघितला की तोही छातीवर हात मारून ओरडायचा, "रायन!" मग पुढच्या रांगेतल्या एकदोघांनी तो उचलला. त्या उतारावर नागपूरचं क्रियापद असं काही उन्हाळे सुखानं नांदलं.

भाऊंची पारख करायची रीत निराळी होती. एडी बघायचा पाय आणि हात. किती जोरात धावतो, चेंडू कसा पकडतो. भाऊ बघायचे चेंडू सुटल्यावर काय करतो ते. कुणी हेल्मेट आपटायचा, कुणी फेकणाऱ्याकडे रागानं बघायचा, कुणी बुटाची नाडी सैल झाल्याचं सोंग करायचा. "आणि तो पाहा," ते म्हणायचे, "चूक झाली, काही बोलला नाही, पळत जाऊन पुन्हा रांगेत उभा राहिला. हा राहीन." ऐकायला फार छान वाटतं. पण खरं सांगायचं तर या रीतीनं त्यांचे अंदाज साफ चुकायचे. एडीचे निम्मे तरी बरोबर यायचे. भाऊंनी ज्याला 'राहीन' म्हणावं तो हमखास घरी जावा, इतकं ते पक्कं होतं. मी त्यांना म्हणायचो, "त्या पोरांवर दया करा, त्यांच्याकडे बघू नका." गाळलेल्यांची नावं आली की भाऊ दिवसभर तोंड पाडून बसायचे, घरी त्यांच्या पत्नी, रंजनावहिनी आमटीला जरा जास्त तिखट घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर.

म्हणूनच त्या पहिल्या उन्हाळ्यात मी घाबरलो. कॅम्पचे शेवटचे दिवस होते. सकाळी माझी एक मुलाखत झाली होती, फोनवर, आणि मी त्यात साफ गडबडलो होतो. पूर्वी केलेलं काम विचारलं तर मला काही आठवेचना. घरी जाऊन बॅग भरावी असं वाटत होतं, पण भाऊ न्यायला आले म्हणून गेलो. खुर्चीत बसून मी सगळं सांगितलं. ते मैदानाकडेच बघत होते. म्हणाले, "मंग? तरीपण आलास न रांगेत." आणि जरा थांबून, "राहशीन तू."

मी म्हणालो, "भाऊ, प्लीज, माझ्याबद्दल काही बोलू नका. तुम्ही बोललात की पोरं घरी जातात."

ते इतके हसले की खुर्चीच्या जाळीतली ताकाची बाटली सांडली. मला ती नोकरी मिळाली नाही. तिच्या पुढची मिळाली, आणि मी राहिलो. भाऊंच्या साऱ्या अंदाजांमधला माझ्या माहितीत खरा ठरलेला हा एकच. ते सगळ्यांना मला दाखवून सांगायचे, "हा आपला सिलेक्शन आहे."

मग माझं लग्न झालं, मी न्यू जर्सीला आलो, पण कॅम्पचं जाणं सुटलं नाही. दर उन्हाळ्यात एक शनिवार-रविवार श्रूजबरी. वहिनींच्या हातचं वांग्याचं भरीत, दिवाणखान्यात बुद्धमूर्तीखालच्या सोफ्यावर माझी झोपायची जागा, सकाळी भाऊंचं दारातून "जयभीम, उठ बे, ड्रिल सुरू होईन!" ऋता तेव्हा हायस्कूलात होती. ती कॉर्नफ्लेक्स खात म्हणायची, "बाबा, दे आर नॉट इव्हन प्लेइंग अ गेम." भाऊ म्हणायचे, "गेममध्ये तर काय, सगळेच पाहतात त्यांना."

यंदा जुलैच्या शेवटी मी गेलो तेव्हा भाऊ सोफ्यावरच होते, माझ्या जागेवर. आजार पोटातला होता आणि फार पुढं गेला होता. वहिनींनी फोनवर कल्पना दिली होती, तरी दारात पाय टाकल्यावर मी तिथंच थांबलो. एवढा दणकट माणूस चादरीखाली जेमतेम दिसत होता. पण आवाज तोच. "मला जमत नाही यंदा. तू अन् ऋता जा, अन् नीट पाहून या. मला रिपोर्ट पाहिजे."

आम्ही गेलो. ऋतानं आपणहून हिरवी खुर्ची गाडीत टाकली आणि उतारावर नेहमीच्या जागी मांडली, पण त्यात कोणीच बसलं नाही, ती नाही आणि मीही नाही. एडीनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून सराव बघितला. एक सडपातळ पोरगा होता, कुणी नाव न ऐकलेला. त्याच्या हातून लागोपाठ चेंडू सुटले. लोक हसले. तो दर वेळी पळत जाऊन रांगेत उभा राहिला.

संध्याकाळी सोफ्याशेजारी बसून मी भाऊंना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असं वाटून मी थांबलो, तर म्हणाले, "पळत गेला की चालत?"

"पळत. दर वेळी."

"राहीन," भाऊ म्हणाले.

पुढचा प्रश्न माझा होता. सहा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. पण त्याचं उत्तर मला पाठ होतं, आणि ते उत्तर त्या खोलीत मला ऐकवणार नव्हतं... स्वयंपाकघरात वहिनींचा हात भांड्यावर थांबला. भाऊंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात तेच मिस्कील हसू.

"विचार न बे," ते म्हणाले.

मी कसाबसा म्हणालो, "कोण, तुम्ही?"

"मी नाही बे," भाऊ हळूच म्हणाले, "तो."

आणि हसले. मीही हसलो. रडत होतो, पण हसलो. त्यानंतर त्यांची माझी भेट नाही.

त्या पोराला संघानं ठेवलं नाही. भाऊंना जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी बातमी वाचली आणि मला संतापच आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. एवढा एक तरी खरा ठरायला काय हरकत होती?

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे श्रूजबरीला जमलो. दिवाणखान्यात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, त्रिशरण-पंचशील झालं, एडीसुद्धा सूट घालून मागं हात जोडून उभा होता. जेवताना नागपूरहून आलेले वहिनींचे भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले की ताईला परत न्यायचं ठरवलं आहे, पोरगी तर आता कॉलेजला जाईन, एकटी काय करीन ही इथं, तुम्ही जरा समजवा. वहिनी स्वतः काहीच बोलत नव्हत्या. सगळे बोलत होते.

पाहुणे पांगल्यावर मी मागच्या डेकवर गेलो. हिरवी खुर्ची तिथं उघडीच होती, जणू समोर मैदानच आहे असं शेजाऱ्याच्या कुंपणाकडे तोंड करून. जाळीत ताकाची बाटली, धुऊन पुसून ठेवलेली. आकाश भरून आलं होतं. मी खुर्ची मिटायला वाकलो, तर मागून वहिनींचा आवाज आला, "असू द्या भाऊजी. राहीन."

"कोण, तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण शब्द गेला होता.

वहिनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. कुंपणाकडे बघत म्हणाल्या, "दोघीही."