उपरण्याखालचा हात

"पहिले हात दे, मंग तोंड उघड."

दवाखान्याच्या ओसरीवर येईल त्या रोग्याला तो हे असं सांगायचा. रोगी बिचारा पोट दाबत, कण्हत, आपल्या दुखण्याची कथा वाटभर जुळवत आलेला असायचा. हा त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, बोटं उलगडायचा, तळवा दाबून बघायचा, आणि विचारायचा, "काल काय काम करून राहिला होता?" दुखतंय कुठं, हे विचारायची पाळी फार उशिरा यायची. तोवर माझे निम्मे रोगी पुड्या घेऊन घरी पोचलेले असायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. काम सावकाश करतो, गप्पा मारतो, तरी वरच्या साहेबाच्या तोंडी सदा त्याचंच नाव. मला त्याचा मनस्वी हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. तो गेला त्याला किती वर्षं झाली, मी म्हातारा झालो, दात पडले, पण हा हेवा काही पडत नाही.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात आम्ही दोघे नेटिव्ह डॉक्टर होतो. मुंबईला शिकलो एकत्र, नेमणूकही एकाच वेळची. मी वाईकडचा भिक्षुकाचा मुलगा, तो अचलपूरच्या विणकराचा. तो मला 'पंडित' म्हणायचा, मी त्याला 'मियाँ'. आमच्यावर एक सर्जनसाहेब. त्या साहेबाला एकच नाद होता, दुर्मीळ रोगांचा. साधा हिवताप दाखवला की जांभई द्यायचा. पण कधी न पाहिलेलं काही सापडलं की त्याचा चेहरा उजळायचा. मग ती हकिगत तो मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेकडे पाठवायचा, तिथं ती वाचली जायची, छापली जायची, आणि खाली ज्यानं रोगी शोधला त्याचं नाव यायचं. ते नाव आपलं असावं, एवढीच माझी इच्छा होती. फार मागत होतो का मी?

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमचा वऱ्हाडचा कापूस एकदम लाडात आला. रस्त्यावर गाड्यांची रांग संपायची नाही. हवेत रुई, चहात रुई, नाकात रुई. दवाखान्यात जो तो खोकत यायचा. मी सगळ्यांना खोकल्याचं औषध द्यायचो. खोकल्याला दुसरं काय देतात?

मियाँ मात्र रेच्यावर, त्या लाकडी चरकावर, सरकी काढणाऱ्या बायांना विचारत बसला. "बाजाराच्या दिवशी काम बंद राह्यते, तवा खोकला राह्यते का बाई?" बाई म्हणे, "नाही बा, तवा मोकळं वाटते. दुसऱ्या दिवशी रेच्यावर बसलं का छाती आवळते. मंग हप्ताभर कमी कमी होत जाते." झालं! सुट्टीनंतर कामावर परतलं की उठणारा खोकला. साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच बाया माझ्याकडेही येत होत्या हो. मी त्यांना जीभ दाखवा म्हणत होतो.

आणि तो गाडीवान! त्याला आधी मीच तपासला होता. छातीला डावीकडे लाकडी नळी लावली, ठोके अगदी बारीक. मी लिहिलं, 'हृदय मंद', आणि ताकदीचं औषध दिलं. पुढच्या खेपेला तो मियाँच्या हाती लागला. ह्यानं नळी इकडे फिरवली, तिकडे फिरवली, आणि मोठ्यानं हसून म्हणाला, "अबे, तुहं काळीज तं उजवीकडे हाये!" खरोखरच उजवीकडे होतं. माणूस ठणठणीत, फक्त देवानं सामान उलट्या बाजूला ठेवलेलं. ती हकिगत मुंबईला छापून आली, त्याच्या नावासकट. त्यानंतर वर्षभर मी प्रत्येक रोग्याला उजव्या बाजूनं ऐकत होतो. काय सांगू, सगळ्यांची काळजं मेली डावीकडेच.

बरं, त्याचा राग करावा तर तेही जमायचं नाही. एकदा मी तापानं फणफणलो होतो, घरी कोणी नव्हतं. तो रोज यायचा. माझ्या सोवळ्याची काळजी माझ्यापेक्षा त्यालाच जास्त. पाण्याला हात लावायचा नाही, उंबऱ्यापाशी सीताफळं ठेवायचा, आणि म्हणायचा, "फळाले तं चालते ना, पंडित? झाडाले काही जात नसते." मी सीताफळं खाल्ली. गोड होती, तेवढ्यानंच जास्त चिडलो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. अकोल्याला नवा दवाखाना निघायचा होता आणि त्याचा मुख्य म्हणून आम्हा दोघांतला एक जायचा होता. साहेब निवड करणार होता. ती कोणाची होणार, हे दवाखान्यातल्या झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं. माझ्या बायकोनं तर आशाच सोडली होती.

त्याच हंगामात कापसाच्या बाजारात एका दलालाची भानगड सुरू झाली. तुम्ही कापसाचा बाजार पाहिला असेल तर तिथली चाल ठाऊक असेल. भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात, आणि आतल्या आत बोटं दाबून सौदा करतात. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांनाच कळतो. हा दलाल त्यात फार वाकबगार, बाजारात इमानाचा म्हणून नाव. आणि त्याचेच सौदे चुकू लागले. घेणारा म्हणे मी तीन बोटं दाबली, हा म्हणे चार दाबली. एकदा झालं, दोनदा झालं, मग लोक कुजबुजू लागले की हा पैसे खाऊन भाव फिरवतो. बाजाराच्या पंचांनी त्याला बोलावणं धाडलं.

हा दलाल महिन्याभरापूर्वी माझ्याकडे आला होता, हाताला मुंग्या येतात म्हणून. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, वात ठरवला, चोळायला तेल दिलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. तेव्हा ही केस माझी होती, हे लक्षात ठेवा.

एके दिवशी आम्ही दोघे बाजारातून चाललो होतो. दलालाभोवती नुकताच एक तंटा होऊन गेला होता आणि तो एकटाच आपल्या गादीवर बसला होता. मियाँ सरळ त्याच्यासमोर जाऊन बसला. त्याचं उपरणं ओढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि म्हणाला, "चाल, माह्यासंग सौदा कर."

लोक हसायला लागले. डॉक्टर कापूस घेणार! दलालही कसानुसा हसला. मियाँनं आत काहीतरी केलं. दलाल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तीन."

"बरं. आता?"

"दोन."

"आता सांग."

दलालानं पुन्हा त्याचा चेहरा निरखला. "चार," तो म्हणाला.

मी अगदी बाजूला उभा होतो. उपरण्याची कड सरकली होती आणि मला आतलं दिसलं. मियाँचा हात आपल्या मांडीवर होता. दलालाच्या बोटांना तो शिवलाही नव्हता.

"हारलो बा," मियाँ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हा मोठा पक्का हाये." आणि दलालाच्या खांद्यावर हात टाकून त्याला दवाखान्यात घेऊन आला.

आतल्या खोलीत त्यानं दलालाचं कोपर चाचपलं आणि माझं बोट धरून तिथं टेकवलं. हाडामागची नस सुतळीसारखी जाड, गाठाळ लागत होती. करंगळीवर टाचणी टोचली, दलालाला पत्ता नाही. अंगावर चट्टा नाही, चेहरा स्वच्छ, कुणाला शंका यावी असं काही नाही. पण आम्हाला कळलं. महारोग. अगदी पहिल्या पायरीवर पकडलेला, नुसत्या नसेत. बोटं उघड्यावर दाखवायची चाल असती तर हा आणखी कित्येक वर्षं डोळ्यांनी निभावून गेला असता. उपरण्यानं त्याचे डोळे बांधले आणि रोग उघडा पडला. बोटं सुन्न झाल्यापासून बिचारा समोरच्याचा चेहरा वाचून अंदाजानं भाव बोलत होता.

दलाल मोठा धिप्पाड गडी. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "डाक्टर, पंचाले सांगू नका. चोर म्हणा मले, चालते. पण थ्या रोगाचं नाव नोका घेऊ. भाऊ वावरात झोपडी बांधून देतीन अन् दुरून भाकर फेकतीन."

त्याला औषध देऊन मियाँनं घरी पाठवलं. मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "मियाँ, ही केस साहेबाला दाखव. अशी केस आयुष्यात पुन्हा मिळायची नाही. नाव घालू नकोस म्हणजे झालं."

"पंडित, अमरावतीत हात सुन्न झालेले दलाल किती हायेत? एकच. नाव कायले लागते?"

"मग त्याला चोर ठरू देणार?"

"चोर काहून ठरू देईन?" तो म्हणाला. "तू फक्त गप्प राह्यजो. तुले माह्या गळ्याची आण हाये."

दुसऱ्या दिवशी तो पंचांपुढे उभा राहिला. पावसाळ्यात दलालाच्या त्याच कोपरावर एक गळू झालं होतं आणि ते मियाँनंच फोडलं होतं. नखाएवढा व्रण होता. तो सर्वांना दाखवून हा म्हणाला, "ह्या माणसानं कोणाले फसवलं नाही. गळू फोडताना माह्या हातून ह्याची नस कापली गेली. हात सुन्न झाला. माही नोकरी जाईन म्हणून ह्यानं तोंड उघडलं नाही. चोर म्हणाचं असन तं मले म्हणा."

बाजार चाट पडला. दलाल एका क्षणात चोराचा देवमाणूस झाला. पंचांनी त्याला मापाच्या काट्यावर वजनं पुकारायचं काम दिलं, त्या कामाला बोटं लागत नाहीत. आणि मियाँ झाला नस कापणारा डॉक्टर. त्याच्या ओसरीवरची गर्दी आठवडाभरात माझ्या ओसरीवर आली. साहेबानं बोलावून विचारलं, तेव्हा त्यानं तेच सांगितलं. साहेब दुखावला. ज्याच्यावर एवढा भरवसा टाकला त्यानं चूक केली आणि वर लपवली! अकोल्याची जागा मला मिळाली. मियाँला मेळघाटात रस्त्याच्या कामावर धाडलं, जिथं ताप माणसं खातो.

मला आनंद झाला. झाला, का लपवू? आणि त्याच दमात इतका संताप आला की मी घरी जाऊन जेवलो नाही. कारण आता हे सगळं जाणणारा मी एकटा, आणि माझ्या तोंडाला त्यानं आपल्या हातानं कुलूप घातलेलं. छापून आला असता तर चार दिवस जळफळलो असतो आणि मोकळा झालो असतो. ह्याच्यावर काय करायचं?

निघायच्या दिवशी मी त्याच्या बैलगाडीपाशी गेलो. बाजारातलं कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्यासारखा हात सबंध वऱ्हाडात नाही आणि लोक तुला कसाई म्हणतायत. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटते ना," तो म्हणाला. "लय वाटते, पंडित. माह्या बापाले अचलपूरले ऐकू गेलं तं थो रडन." मग गाडीत चढता चढता म्हणाला, "त्या दलालाले कडू कवठाचं तेल देत जाजो. चोळायले अन् थोडं पोटात."

तो मेळघाटातून परत आला नाही. तापानंच गेला. ही बातमी मला अकोल्याला कोणा कारकुनाच्या तोंडून कळली, तीही 'तो नस कापणारा गेला म्हणे' अशी. मी दवाखान्यातले सगळे रोगी तपासून संपवले. मग आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडलो.

महारोगावरचं ते तेल मात्र मी अकोल्याहून धाडत राहिलो. पुष्कळ वर्षांनी अमरावतीला गेलो असताना दलालाच्या घरी डोकावलो. कवठाच्या तेलानं म्हणा की नशिबानं, रोग चेहऱ्यावर कधी चढला नव्हता. बोटं तेवढी आत वळून पक्ष्याच्या पंजासारखी झाली होती. दुपारची जेवणं चालली होती. दोघे भाऊ एका ताटात बसले होते. धाकटा भाऊ भाकरी मोडून, वरणात कालवून थोरल्याला भरवत होता आणि मधूनच त्याच ताटातला घास आपल्या तोंडात टाकत होता.

"पाहा डाक्टर, काय वाट लावली त्या मेल्यानं," भाऊ म्हणाला. "सोन्यासारखा हात होता माह्या भावाचा. त्याच्या थडग्यात किडे पडो! तुमी तं त्याच्यासंगच होते ना तवा? तुमाले काही बोलला नाही का थो?"

दलाल घास चावायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

"नाही," मी म्हटलं. "मला काही बोलला नाही."

दलालानं घास गिळला. भावानं आणखी दोन शिव्या हासडल्या, ताटातली दुसरी भाकरी मोडली आणि पहिला तुकडा त्याच्या तोंडात दिला. आणि मी, अकोल्याच्या दवाखान्याचा मुख्य, त्या शिव्या खाणाऱ्या मेलेल्या माणसाचा हेवा करत तिथंच बसून राहिलो.