टिटवीची शिफारस

मंगळावर पाठवायच्या गाडीची सहा चाकं चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तयार झाली, आणि सहाही चाकांवर शेवटचा हात फिरला तो उद्धवराव हुंब्यांचा. मशीनमधून निघालेलं ॲल्युमिनियमचं चाक दिसायला चकचकीत असतं, पण त्याच्या दात्यांच्या कडेला केसाएवढी धार राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळते. मग बारीक कानस घ्यायची आणि दाता दाता चाचपत ती धार उतरवायची. एका चाकाला अठ्ठेचाळीस दाते होते. उद्धवराव दिवसाला एकच चाक करायचे आणि संध्याकाळी ते मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे.

माणूस मूळचा भूम तालुक्यातला. शहाऐंशी साली आयटीआयचं सर्टिफिकेट पिशवीत घालून पिंपरीला आला, एका मोठ्या कंपनीत फिटर म्हणून चिकटला आणि अडतीस वर्षांनी शाल-नारळ घेऊन तिथूनच बाहेर पडला. मोशीत दोन खोल्यांवर दोन खोल्या चढवून घर झालं होतं. मुलगी योगिनी लग्न होऊन पिंपळे सौदागरला गेली होती. निवृत्तीनंतर उद्धवराव पंधरा दिवस घरी बसले. तेवढ्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या दुरुस्त केल्या, शेजाऱ्यांच्याही केल्या, आणि मग सुभद्राबाईंनीच त्यांना सांगितलं, "आता कुठंतरी कामाला जावा, न्हाईतर माझं डोकं सैल करचाल."

जुन्या सोबत्याचा मुलगा अवधूत याचं चिखलीत छोटं वर्कशॉप होतं. त्यानं हात धरून नेलं. "काका, तुम्ही नुसतं शेवटचं फिनिशिंग बघा," म्हणाला. काका रोज मोशीहून स्कूटरवर यायचे, दारातल्या गणपतीला हात जोडायचे आणि खिडकीजवळच्या बाकावर बसायचे.

चाकं पाठवून महिना झाला असेल. अवकाश संस्थेकडून अवधूतला एक पत्र आलं. गाडी जुळवून झाली आहे, चाचण्या सुरू आहेत, आता तिला नाव हवं. गाडीचे भाग ज्यांनी ज्यांनी बनवले, त्या प्रत्येक कारखान्यानं एक नाव सुचवावं आणि तेच का, हे चार ओळींत लिहावं. मुदत पंधरा दिवसांची.

चहाच्या वेळी अवधूतनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. मिलिंग मशीनवरचा नवनाथ लगेच म्हणाला, "वाघ! विषय संपला."

"वाघ तिथं खाणार काय?" उद्धवरावांनी विचारलं.

सगळे हसले. अवधूतच्या मनात 'मंगलविजय' होतं. ऐकायला भारदस्त होतं, लेटरहेडवर शोभलं असतं. पण तो मोठ्या मनाचा होता. म्हणाला, "तुम्ही पण विचार करा काका. चाकं तुमच्या हातची आहेत."

उद्धवरावांनी ते गमतीवारी नेलं नाही. त्यांनी आजवर कशालाच नाव ठेवलं नव्हतं. मुलीचं नाव त्यांच्या बहिणीनं ठेवलं, घराचं नाव पेंटरनं परस्पर रंगवून टाकलं, आणि कंपनीत ते स्वतः अडतीस वर्षं एक टोकन नंबर होते. नाव ठेवणं ही जोखमीची गोष्ट आहे असं त्यांना वाटत होतं. वस्तू कशी आहे ते कळल्याशिवाय तिला नाव कसं द्यायचं?

"ती चालते कशी?" त्यांनी अवधूतला विचारलं.

"खरं सांगू का, मलाही नीट माहीत नाही. परवा संस्थेच्या अरुंधती मॅडम आपल्याकडच्या जादा चाकांची मापं घ्यायला येणार आहेत. त्यांनाच विचारा."

अरुंधती मॅडम संस्थेच्या इंजिनिअर. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. मापं झाल्यावर त्या पाणी पीत असताना उद्धवराव पुढे झाले आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. मॅडमनी मोबाइल काढला. पडद्यावर लाल वाळू पसरलेला एक हॉल होता आणि त्यात ती गाडी. उद्धवरावांना आधी आपली चाकं ओळखू आली. गाडी हातभर पुढे गेली आणि थांबली. उंच मानेवरचा कॅमेरा डावीकडे वळला, उजवीकडे वळला. मग गाडी पुन्हा हातभर सरकली आणि पुन्हा थांबली.

"बिघडलीय का?"

"नाही हो," मॅडम हसल्या. "ती अशीच चालणार. इथून हुकूम पोचायलाच कितीतरी मिनिटं लागतात, त्यामुळे तिचं तिलाच बघावं लागतं. पुढे दगड आहे का, खड्डा आहे का. बघायचं, थोडं जायचं, परत बघायचं."

"आन् तिथं जमीन कशी हाय?"

"माळ. नुसता दगडधोंड्यांचा माळ. झाड नाही, झुडूप नाही."

उद्धवरावांनी तो व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला. शेवटी मॅडमनी तो त्यांच्या मोबाइलवरच पाठवून दिला.

दुपारी डबा खाऊन ते गेटपाशी हात वाळवत उभे होते. समोर एक मोकळा प्लॉट होता. मुरूम टाकून सपाट केलेला, अजून बांधकाम सुरू न झालेला. त्यात दोन टिटव्या राहत होत्या, हे उद्धवरावांना दोन वर्षं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बघणं वेगळं. त्यातली एक चार पावलं तुरुतुरु पळाली. थांबली. मान वळवून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वाकून एका खड्याला चोच लावली. परत चार पावलं.

उद्धवरावांचा ओला हात तसाच राहिला.

एका मापावर भरवसा ठेवायची त्यांना सवय नव्हती. पुढचे चार दिवस ते अर्धा तास आधी यायचे आणि स्कूटरवर बसून प्लॉटकडे बघत राहायचे. एका हातात मोबाइल, त्यावर गाडी चालू. समोर टिटवी चालू. वॉचमनला वाटलं, म्हातारा प्लॉट घेतोय. टिटवी झाडावर बसत नाही, हे त्यांनी नीट पाहून घेतलं. तिला सावली लागत नाही, घरटं लागत नाही. अंडीसुद्धा दगडगोट्यांतच घालते आणि त्यांच्यापाशी ठाम उभी राहते. जिथं दुसरा पक्षी पाय ठेवणार नाही, तिथं ती संसार करते.

पाचव्या दिवशी ते अवधूतच्या केबिनमध्ये गेले. "नाव सापडलं. टिटवी."

अवधूत आधी हसला. मग काका गंभीर आहेत हे बघून त्याचा चेहरा अवघडला. "काका, नाव म्हणून गोड आहे. पण टिटवी? माझी आई टिटवीचा आवाज आला तरी दारात पाणी टाकते. एवढं कोट्यवधींचं काम, त्याला अपशकुनी पक्ष्याचं नाव द्यायचं? लोक काय म्हणतील?"

"चालण्याकडं बघ की तिच्या."

"बघितलं हो. पण मंगलविजयच पाठवू या. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट तर वाटलंच. घरी आल्यावर उद्धवराव खुर्चीत बसून राहिले. सुभद्राबाई मेथी निवडत होत्या. काय झालं म्हणून त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा कुठं हकिगत बाहेर आली.

"बरोबर बोलला अवधूत," त्या तडकल्या. "चांगल्या कामाला टिटवी? तुमची आई असती तर तुम्हाला घरात घेतलं नसतं."

उद्धवरावांनी वाद घातला नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावून त्यांच्यासमोर धरला. सुभद्राबाईंनी मेथीची जुडी हातात ठेवूनच तो पाहिला. गाडी जात होती, थांबत होती, मान वळवत होती.

"चंद्र म्हणजे असा तांबडा असतो व्हय?"

"चंद्र न्हाई. मंगळ."

"मंगळ?" जुडी मांडीवर आली. "मला आजवर चंद्रच वाटत व्हता. तुम्ही कधी बोलला न्हाई."

"बोललो असेन. तुझं लक्ष नसेल."

त्यांना काय आठवलं हे उद्धवरावांना कळलं. योगिनीच्या पत्रिकेत मंगळ होता. मुलगी एम.एस्सी. झालेली, शाळेत शिकवणारी, दिसायला चारचौघींत उठून दिसणारी. पण पाहुणे पोहे खायचे, पत्रिका मागायचे आणि आठ दिवसांनी निरोप धाडायचे. असं सात वर्षं चाललं. एका ठिकाणी तर मुलाच्या मावशीनं योगिनीच्या तोंडावर म्हटलं होतं, "पोरगी चांगली आहे हो, पण घरात मंगळ कशाला आणायचा?" त्या दिवशी योगिनी कपबशा उचलून आत गेली आणि बराच वेळ नळाखाली धूत राहिली. एकतिसाव्या वर्षी तिला तिच्याच शाळेतला गणराज भेटला, त्यानं पत्रिका बघितलीच नाही, आणि सगळं नीट झालं. पण सुभद्राबाईंच्या मनातून ती सात वर्षं गेली नव्हती. त्या वर्षांत त्यांनी किती मंगळवार धरले, किती ठिकाणी डोकं टेकलं, याचा हिशेब देवालाच माहीत.

मेथीच्या काड्या बाजूला सारत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या मंगळानं कुणाचं काय वाकडं केलंय हो? तो आपला वर फिरतोय. माणसांनीच त्याला वाईट ठरवलं."

"तेच तर."

"आन् टिटवीनं तरी काय केलंय? अंड्यांजवळ कोण आलं तर आई वरडणारच की. लोक म्हणत्यात अपशकुन." त्यांनी मोबाइलकडे बोट केलं. "लावा अवधूतला फोन."

"आता? तो जेवत असेल."

"लावा म्हणते ना."

फोनवर सुभद्राबाई पाच-सहा मिनिटं बोलल्या. उद्धवरावांना एकच बाजू ऐकू येत होती. त्यात योगिनीचं नाव आलं, पोह्यांचं आलं, त्या मावशीचंही आलं. शेवटी त्या म्हणाल्या, "अवधूत, मंगळावर कुणी जायचं? ज्याला आधीच लोकांनी नावं ठेवलीत त्यानंच जावं. त्याला तिथं भ्यायचं काय कारण हाय?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"काका," अवधूतचा आवाज बदललेला होता, "उद्या सकाळी बसून चार ओळी लिहू या."

ओळी लिहायला सकाळची पहिली शिफ्ट गेली. उद्धवराव सांगत होते, अवधूत टाइप करत होता, नवनाथ मागे उभा राहून शब्द कापत होता. शेवटी मजकूर असा झाला:

"टिटवी झाडावर बसत नाही, उघड्या माळावर, दगडगोट्यांत राहते. चार पावलं जाते, थांबते, मान वळवून नीट बघते आणि मगच पुढे जाते. आमची चाकं ज्या गाडीला लावली, ती अशीच चालते. मंगळाला आणि टिटवीला लोक विनाकारण वाईट म्हणतात, दोघांची एकदा भेट व्हावी."

शेवटचं वाक्य उद्धवरावांनी घरून कागदावर लिहून आणलं होतं. अक्षर त्यांचं होतं, वाक्य कुणाचं ते अवधूतनं विचारलं नाही.

पत्र गेलं. दीड महिना काहीच कळलं नाही. मधल्या काळात वर्कशॉपला पंपाच्या भागांचं काम आलं आणि खिडकीजवळच्या बाकावर पुन्हा कानस चालू झाली. एका रविवारी दुपारी अरुंधती मॅडमचा फोन आला तो थेट उद्धवरावांनाच.

"काका, तुम्हाला पेपरातून कळण्याआधी सांगावंसं वाटलं. टिटवी शेवटच्या तीन नावांत होतं. समितीत आम्ही पाच जण. मी आणि आणखी एक सर तुमच्या बाजूनं होतो. बाकीचे म्हणाले, नाव नेमकं आहे, पण उद्या काही बिघाड झाला तर सगळे अपशकुनाच्याच बातम्या छापतील. मी खूप भांडले."

  साठी ओलांडलेल्या माणसाला एका नावासाठी इतकं वाईट वाटावं याचं उद्धवरावांना स्वतःलाच नवल वाटलं.

"मग काय ठेवलं?"

"अन्वेषिका."

त्यांनी ते नाव मनात दोनदा म्हणून पाहिलं. "चांगलं हाय. जरा जड हाय, पण चांगलं हाय." मग आठवण झाल्यासारखं विचारलं, "चाकं कशी हायत?"

"एकही घासत नाही. काल दोनशे मीटर चालवली. आणि काका, एक सांगू? ती थांबून मान वळवायला लागली की आता मला दुसरं काही दिसतच नाही. तुमच्यामुळे."

उद्धवराव हसले. "मग झालं तर, मॅडम."

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. सुभद्राबाई गॅसवर दूध ठेवून कणीक मळत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

"न्हाई घेतलं?"

"न्हाई. दुसरं ठेवलं. अन्वेषिका."

"म्हंजे काय?"

"शोध घेणारी."

"मग टिटवी काय झोपा काढती व्हय?" सुभद्राबाईंनी कणकेचा गोळा परातीत आपटला. "चार पावलं जाती, बघती, टोचती, ते कशाला? शोधायलाच ना?"

"अगं, शिकलेली माणसं हायत ती. त्यांनी विचार करूनच—"

"शिकलेलीच व्हती ती मावशी पण!"

त्यांनी कणकेचे हात तसेच पदराला पुसले, फोन घेतला आणि योगिनीला लावला. त्या समितीत कोण कोण आहे, त्यांचे नंबर कुठं मिळतील, असं तावातावानं विचारत त्या अंगणात गेल्या. उद्धवरावांनी उतू आलेल्या दुधाखालचा गॅस बंद केला आणि राहिलेली कणीक मळायला घेतली.