मुडदेमामांचा अंगठा

मुडदेमामा सिनेमात मरत नाहीत. ते मेलेलेच असतात.

सिनेमा सुरू होतो तेव्हा कुणीतरी त्यांना मारून केव्हाच गेलेलं असतं. कधी जिन्याखाली, कधी बाथटबमध्ये, कधी गाडीच्या डिकीत. हिरो येतो, चादर उचलतो, तोंड वाकडं करतो, चादर टाकतो. पडद्यावर नावं यायच्या आत मामांचं काम संपलेलं. युनिटमधले सगळे त्यांना मुडदेमामा म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. कारण त्याआधी बरीच वर्षं त्यांना ‘ए, तो मागचा’ म्हणायचे.

लेक लहान असताना शाळेत बाईंनी विचारलं होतं, बाबा काय करतात. ती म्हणाली, “मरतात.” बाईंचा जीव कळवळला. संध्याकाळी त्या धीर द्यायला घरी आल्या, तर दार मामांनीच उघडलं.

सराव घरीच चालतो. दुपारी जेवण झालं की बाहेरच्या खोलीत फरशीवर आडवं व्हायचं आणि पडून राहायचं. मामी कपड्यांची बादली घेऊन त्यांना ओलांडून गॅलरीत जाते. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती कामावरून आली, नवरा जमिनीवर, मान वाकडी, डोळे अर्धवट. तिने पिशवी टाकली आणि शेजाऱ्यांकडे धावली. शेजारी आले तोवर मामा उठून पाणी पीत होते. त्यानंतर मामी बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही, आणि बोलली ती एक कायदा करून. तिने विचारायचं, “अहो, आहात का?” आणि त्यांनी डाव्या पायाचा अंगठा हलवायचा. बाकी काही हलवलं नाही तरी चालेल. तोंड मेलेलं, अंगठा जिवंत.

इतकी वर्षं हा कायदा कधी मोडला नव्हता. गेल्या महिन्यात मोडला.

मामीने विचारलं, “आहात का?” अंगठा हलला नाही. तिने बादली खाली ठेवली. पुन्हा विचारलं. मग हलला, पण कुणी लांबून दोरीने ओढावा तसा.

“डुलकी लागली गं.”

“डोळे तर उघडे होते.”

“मग सराव चांगला चाललाय म्हणायचा.”

ती त्यांना ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ लावली, मग म्हणाले, ठोके मधेच चुकतायत, ईसीजी काढून घ्या, आणि तोवर श्वास कोंडायचा नाही. मामा हो म्हणाले. घरी आल्यावर म्हणाले, हे एक काम झालं की काढू.

“कामात दुसरं करता काय तुम्ही? श्वासच कोंडता ना?”

“कोण कोंडतंय? कॅमेरा रुळांवरून येतो. चाकं कुरकुरतात. लांब आहे तोवर घ्यायचा, जवळ आला की थांबवायचा, पुढे गेला की सोडायचा. मला तो दिसत नाही, ऐकू येतो. अगं, मी पडून पडून गाणं ऐकल्यासारखा ऐकतो त्याला.”

“मग हे काम सोडलं तर काय बिघडेल?”

मामा चपला कोपऱ्यात ठेवायला गेले. खरी गोष्ट अशी होती की निर्मात्याने रबराचा पुतळा करून घेतला होता. त्याला केस होते, भुवया होत्या, पायांवर शिरासुद्धा होत्या. एकदा तो पुतळा मामांच्या जागी झोपला की पुन्हा उठणार नव्हता, हे मामांना पक्कं माहीत होतं.

“मी बरोबर येते,” मामी म्हणाली.

“तू येऊन काय करणार?”

“बघत बसेन. तुम्हीही तेच करता, फक्त आडवे पडून.”

शूटिंग एका रिकाम्या घरात होतं. मामीला पडद्यासमोर, म्हणजे मॉनिटरसमोर खुर्ची मिळाली. शेजारी दिग्दर्शक. पोरगेलासा, दाढीवाला, आवाज न चढवणारा. मामी आलीय म्हटल्यावर त्यानेच सगळं समजावून सांगायला घेतलं.

“मामी, सिनेमातली ही पहिलीच तीन मिनिटं. एकही माणूस बोलत नाही. पण खुर्चीत बसलेल्याला कळलं पाहिजे की हा कुठल्या जातीचा सिनेमा आहे. थ्रिलर आहे. मग तो पाय पोटाशी घेऊन बसतो.”

“मेलेला माणूस दिसला की कळेलच की.”

“नाही ना. नुसता मेलेला दिसला की लोक विचारतात, कोणी मारलं? होऊन गेलं ते. मला हवंय की त्यांनी विचारावं, आता काय होणार?” त्याने स्वयंपाकघराच्या टेबलाकडे बोट दाखवलं. “तिथे दोन कप आहेत. एकातल्या चहावर साय धरलीय. दुसऱ्यातून वाफ येतेय. आणि दाराला आतून कडी आहे. कळलं?”

मामीला कळलं. म्हणजे ज्याने मारलं तो अजून घरातच आहे, आणि नुकताच चहा ओतून घेतलाय. कला विभागातली मुलगी किटलीतून त्या कपात कढत पाणी घालताना तिने स्वतः पाहिलं होतं, तरी तिने साडीचा पदर अंगाभोवती ओढून घेतला.

मग तिचं लक्ष कॅमेरामनकडे गेलं. तो भिंतीला टेकून बूट काढत होता. पायात जाड मोजे. कॅमेरा त्याच्या हातात, खांद्याला पट्ट्याने बांधलेला.

“रूळ कुठायत?” मामीने विचारलं.

“रूळ नाहीत यात. तो चालत जाणार. सलग एकच शॉट, अजिबात आवाज नको.”

मामी उठून उभी राहिली. “अहो,” ती म्हणाली.

मामा पॅसेजमध्ये पालथे पडले होते, मान वळवलेली, शर्टावर लाल रंग. उजव्या पायात बूट, डावा पाय अनवाणी. तो दुसरा बूट दिग्दर्शकाने दारापाशी ठेवला होता, बघणाऱ्याच्या मनात प्रश्न यावा म्हणून. मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. रूळ नाहीत हे त्यांना माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले, म्हणजे मेले, आणि आता त्यांच्याशी भांडून काही उपयोग नव्हता.

“बसा मामी,” सहायक दिग्दर्शक म्हणाली. “रोलिंग.”

मॉनिटरवर नळ दिसला. थेंब धरतोय, सुटतोय. सगळं जागच्या जागी, एक खुर्चीसुद्धा कलंडलेली नाही, आणि त्याचीच भीती वाटत होती. साय धरलेला कप. वाफेचा कप. आतून लावलेली कडी. दारापाशी एक बूट. चित्र पॅसेजमध्ये वळलं आणि मामीने खुर्चीचा हात धरला.

कॅमेरा कुठे आहे हे मामांना कळायला आता काहीच मार्ग नव्हता. तो पायापाशी आहे की अजून नळापाशी? माणूस अशा वेळी काय करेल? पहिल्यापासूनच श्वास धरेल आणि शेवटपर्यंत धरून ठेवेल.

बूट. अनवाणी पाऊल. पोटरी. हात. पाठ.

पाठीवर चित्र थांबलं. मामीने नकळत श्वास धरला होता. तिला तो सोडावा लागला. तिने दुसरा घेतला, तोही सोडला. पाठ जागची हलली नाही. दिग्दर्शक पुढे झुकला होता, खूश होता. तिने तिसरा घेतला. शर्टावरच्या लाल डागाला एक सुरकुती होती, ती मघापासून तशीच होती.

“अहो, आहात का?”

सगळं युनिट तिच्याकडे वळलं. सहायक दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. कॅमेरामन दचकला आणि मॉनिटरवरचं चित्र घसरून त्या अनवाणी पावलावर आलं.

अंगठा हलला नाही.

“अहो.” आता ती ओरडली नाही, उलट आवाज खाली आला, घरी बादली घेऊन उभी असताना असायचा तसा. “आहात का?”

कुणीच ‘कट’ म्हणालं नाही. मॉनिटरवर ते पाऊल मोठं दिसत होतं, रबरासारखं. मग अंगठा हलला. आधी थोडासा, मग नीट.

दिग्दर्शकाच्या तोंडून श्वास बाहेर पडला तो सगळ्यांना ऐकू आला.

मामांना दोघांनी धरून बसवलं. ओठ पांढरे, कपाळावर घाम. “शॉट गेला का?” त्यांनी विचारलं.

“गेला,” मामी त्यांच्या शर्टाची बटणं काढत म्हणाली. “तुम्ही राहिलात. आता चला.”

निर्मात्याचा माणूस पुतळा आणायला गाडीकडे निघाला होता. दिग्दर्शक मात्र मॉनिटरपाशी उभा राहून तो शेवटचा तुकडा पुन्हा पुन्हा बघत होता. “मामा, एवढा उशीर मुद्दाम केलात का?”

“नाही,” मामा म्हणाले. मग मामीकडे न बघता म्हणाले, “मला तिची पहिली हाक ऐकूच आली नाही.”

तपासणी केंद्रात ते तसेच शिरले. एका पायात बूट, शर्ट लाल. बाकावरची माणसं उठून भिंतीला लागली. खिडकीतल्या मुलीने फोन उचलला. “पोलिसांना कळवलंत का? कोणी केलं हे?”

“कोणी नाही,” मामी म्हणाली. “रक्त खोटं आहे. घाम खरा आहे. ईसीजी काढायचाय, लवकर काढा.”

पडद्यामागे मामांना पलंगावर झोपवलं. छातीला, मनगटांना, घोट्यांना तारा जोडल्या. “काका, अजिबात हलायचं नाही,” तंत्रज्ञ म्हणाला.

“ते जमतं त्यांना,” बाहेरून मामी म्हणाली.

यंत्र सुरू झालं. पडदा खाली थोडा आखूड होता. त्यातून मामीला पलंगाचं टोक आणि मामांची दोन्ही पावलं दिसत होती. ती त्यांच्याकडे टक लावून उभी होती. विचारायला तिने तोंड उघडलं, पण आतला ईसीजीचा कागद बिघडेल म्हणून मिटलं.

डाव्या पायाचा अंगठा हलला. थांबला. पुन्हा हलला.

“काका,” आतून आवाज आला, “हलू नका म्हटलं ना. आता परत काढावा लागणार.”

“काढा,” मामा म्हणाले.